पंखा फिरतो, पण हवा जाते का?

टिशूपेपरचा एक तुकडा घ्या. बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन सुरू करा, दार-खिडकी घट्ट लावा आणि तुकडा फॅनच्या जाळीशी धरा. बऱ्याच घरांत तो नुसता फडफडतो. आता दार चार बोटं उघडा. तोच तुकडा जाळीला चिकटतो. फॅन तोच, वीजही तेवढीच. फरक इतकाच की आता हवेला आत यायला वाट मिळाली.

जेवढी हवा बाहेर जाते तेवढीच कुठून तरी आत यावी लागते. ती येत नसेल तर खोलीतला दाब थोडा उतरतो आणि फॅन जागच्या जागी हवा घुसळत बसतो. जुन्या लाकडी दारांखाली फट असायची, म्हणून हा प्रश्न फारसा आला नाही. आताची दारं उंबऱ्याला टेकतात. दाराच्या तळाशी जाळी बसवली की काम भागतं.

वाट दिली नाही तर हवा ती स्वतः शोधते, आणि ती आपल्याला आवडेलच असं नाही. स्वयंपाकघरातल्या चिमणीच्या खोक्यावर ताशी १००० घनमीटर वगैरे आकडा असतो. सहाशे चौरस फुटांच्या घरात हवा असते साधारण १५० घनमीटर. म्हणजे आकडा खरा धरला तर नऊ मिनिटांत घरभरची हवा बदलायला हवी! खिडक्या बंद असतील तर चिमणी ही हवा बाथरूमच्या डक्टमधून ओढते. नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीच्या जाळीखाली गटाराची हवा अडवून धरणारं पाणी आटलेलं असेल तर गटारातूनही. मासे तळताना मोरीचा वास का येतो, याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं.

अर्थात खोक्यावरचा आकडा सहसा गाठलाच जात नाही, त्याला कारण पाइप. भिंतीत सहा इंचांचं कोअर कटिंग (यंत्राने पाडलेलं गोल भोक) नको म्हणून चार इंचांवर भागवलं, तर तेवढीच हवा ढकलायला साडेसात पट जोर लागतो. मोटरकडे तो नसतो. हवा कमी होते आणि आवाज वाढतो. त्यात दोन-तीन एल्बो (पाइपची वळणं), घड्या पडलेला लवचीक पाइप आणि बाहेरच्या तोंडावर कबुतराचं घरटं असेल तर बोलायलाच नको. पाइप आखूड, सरळ आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतरता असावा, म्हणजे आत साचलेली वाफ आणि पावसाचं पाणी बाहेरच निथळतं.

इथवरचा त्रास वासाचा आणि बुरशीचा. गॅस गिझरचं मात्र तसं नाही. एक किलो एलपीजी जळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते. सहा लिटरचा गिझर पूर्ण जोरात दहा मिनिटं चालला तर दोनेक घनमीटर हवेतला ऑक्सिजन संपतो, आणि लहान बाथरूममध्ये मुळात हवाच असते आठ-नऊ घनमीटर. ऑक्सिजन कमी पडला की ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. सिलिंडरची गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळलेला असतो, पण तो ज्योतीत जळून जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, आणि दाराची कडी काढण्याआधी शुद्ध हरपू शकते.

‘एक्झॉस्ट आहे ना!’ हे इथे पुरेसं नाही. बंद दारामागे फॅन हवा ओढू शकत नाही, हे टिशूपेपरने दाखवलंच. गिझरला धुराडं असेल तर तोच फॅन त्यातला वायू उलटा खोलीत खेचू शकतो. बाथरूम छोटं असताना गिझरची जागा बाहेर, उघड्या ड्राय बाल्कनीत. आत यावा तो फक्त गरम पाण्याचा नळ. तांब्याचा बंब परसात पेटवून बादलीने पाणी न्हाणीघरात नेणाऱ्या घरांमध्ये हीच व्यवस्था होती. शिवाय बंबाचा धूर डोळ्यांना झोंबायचा, त्यामुळे तो दार लावून आत पेटवावा असं कुणाला वाटायचंही नाही.