तीच चार पोरं, तीन वेळा: रिपिटेड मेजर्स अनोव्हा

गणपतीत डॉल्बी सुरू झाला की सांगलीतल्या अभ्यासिकांमधल्या एमपीएससीवाल्या पोरांची एकच तक्रार असते, वाचलेलं डोक्यात राहत नाही. सायकॉलॉजीच्या एम.ए.ला कुणी हाच विषय घेतला तर प्रयोग तसा सोपाय, वीस शब्दांची यादी द्यायची, थोड्या वेळानं किती आठवले ते मोजायचं, एकदा शांत खोलीत, एकदा कानात गाणी लावून, एकदा डॉल्बीच्या आवाजात, आणि यादी अर्थातच दर वेळी वेगळी. घोळ होतो तो नंतर, आकडे हातात आल्यावर.

समजा चौघंच आहेत (खऱ्या अभ्यासात चौघांवर भागत नाही, हिशोब कागदावर करता यावा म्हणून एवढेच घेतलेत, आकडेही मीच बनवलेत). शांत, गाणी, डॉल्बी या क्रमानं पहिल्याचे १८, १६, १४. दुसरीचे १३, १२, ११. तिसऱ्याचे १०, ९, ५ आणि चौथीचे ७, ३, २. सरासरी आली १२, १०, ८. म्हणजे प्रत्येकाचेच आकडे उतरत गेलेत, पण गंमत बघा, पहिला डॉल्बीतसुद्धा १४ शब्द सांगतोय आणि चौथीला शांततेत ७ च्या वर जाता येत नाही.

आता हे बारा आकडे बारा वेगवेगळ्या माणसांचे आहेत असं धरून साधा वन-वे अनोव्हा (सरासऱ्यांमधला फरक खरा की योगायोगाचा ते तपासायची पद्धत) लावला, आणि असा लावलेला बऱ्याच डेझर्टेशनमध्ये सापडतो, तर काय होतं? एकूण चढउतार, म्हणजे सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज, २७८. त्यातले आवाजामुळं आलेले फक्त ३२, उरलेले २४६ सगळे एररच्या, म्हणजे आवाजानं ज्याचा उलगडा होत नाही त्या चढउताराच्या, खात्यात. एफ, म्हणजे आवाजाचा चढउतार एररच्या किती पट (दोन्ही आधी आपापल्या डिग्रीज ऑफ फ्रीडमनं, म्हणजे स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या आकड्यांच्या संख्येनं, भागून), येतो ०.५९. निष्कर्ष काय, तर डॉल्बीनं काही फरक पडत नाही, मंडळवाले खूश.

पण त्या २४६ मधले २४० हे निव्वळ माणसामाणसातल्या फरकाचे आहेत, कुणाची मेमरी मुळातच तल्लख, कुणाची बेताची, त्याचा डॉल्बीशी काय संबंध? रिपिटेड मेजर्स अनोव्हा, म्हणजे तीच माणसं पुन्हापुन्हा मोजली की लावायचा अनोव्हा, हे २४० बाजूला काढतो. एररमध्ये राहतात फक्त ६. त्यासाठी एररच्या डिग्रीज ऑफ फ्रीडम ९ वरून ६ वर येतात, तेवढी किंमत मोजावी लागते, पण एफ १६ होतो आणि पी व्हॅल्यू (आवाजानं फरक पडत नसताना एवढा मोठा एफ नुसत्या योगायोगानं येण्याची शक्यता) ०.००४ च्या आसपास. आकडे तेच हां.

ही युक्ती मुळात शेतातली. रोनाल्ड फिशर इंग्लंडमधल्या रोदमस्टेड या शेती संशोधन केंद्रात काम करायचे, १९२५ च्या पुस्तकात त्यांनी अनोव्हा मांडला. कृष्णाकाठची मळीची जमीन आणि जतचा माळ यांच्या उताऱ्याची तुलना करून खत चांगलं की वाईट ठरवणाऱ्याला आपल्याकडं कुणी शहाणा म्हणणार नाही, एकाच रानाचे तुकडे पाडून त्यात वेगवेगळी खतं टाकून बघायला लागतंय. सायकॉलॉजीत त्या रानाच्या जागी माणूस आला, एवढंच.

मात्र फुकट काही नाही. पहिली अट स्फेरिसिटी. नाव अवघड आहे पण करायचं इतकंच, प्रत्येकाचा शांत-गाणी फरक काढा, शांत-डॉल्बी काढा, गाणी-डॉल्बी काढा, या तिन्ही फरकांचे व्हेरियन्स (आकडे किती विखुरलेत त्याचं माप) साधारण सारखे हवेत. आपल्या चौघांत तिन्ही बरोब्बर २ येतात, खऱ्या डेटात एवढं नशीब नसतं. यासाठी मॉकलीची १९४० ची टेस्ट आहे (हेच जॉन मॉकली पुढं एनिॲक कॉम्प्युटर बनवणाऱ्यांत होते), पण सॅम्पल लहान असलं की तिला गडबड दिसतच नाही आणि मोठं असलं की ती बारीकसारीक गोष्टीवरनंही ओरडते. त्यामुळं माझं मत विचाराल तर तिच्या नादी न लागता सरळ ग्रीनहाऊस-गायसर करेक्शनचीच ओळ वाचावी, एसपीएसएस हे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर ती टेबलमध्ये देतंच. करेक्शन डिग्रीज ऑफ फ्रीडम कमी करतं, एफ तोच राहतो. आपल्या उदाहरणात सगळ्यात कडक करेक्शन लावलं तरी पी ०.०३ च्या आतच राहतो. दोनच परिस्थिती असतील तर हा प्रश्नच येत नाही, कारण फरकाची जोडी एकच.

दुसरी भानगड क्रमाची, आणि ही कुठलंच सॉफ्टवेअर दुरुस्त करून देत नाही. सगळ्यांना डॉल्बी शेवटी ठेवला तर शब्द आवाजामुळं कमी झाले की पोरं कंटाळली म्हणून, हे कसं सांगणार? तीन परिस्थितींचे क्रम सहा होतात, म्हणून माणसं सहाच्या पटीत घ्यावीत आणि प्रत्येक क्रमाला सारखी वाटावीत. मग चौघं का घेतले असं विचारू नका, ते हिशोबापुरते होते.

आणि तिसऱ्या दिवशी एखाद्याची एसटी चुकली, तो आलाच नाही, तर एसपीएसएस त्याची अख्खी ओळ गाळतं, आधीचे दोन्ही स्कोअर वाया. अशी गळती जास्त असेल तर मिक्स्ड मॉडेल वापरावं, त्यात आहेत ते दोन आकडे धरून हिशोब होतो.