आधी रिकामी ट्यूब, मग नवी

१ एप्रिल १९४२ पासून अमेरिकेत टूथपेस्ट घ्यायला जाणाऱ्याला दुकानदाराच्या हातात आधी एक रिकामी ट्यूब ठेवावी लागे. दाढीच्या क्रीमलाही हाच नियम होता. त्या काळच्या ट्यूबांमध्ये कथील असे, आणि कथील येई ते मलाया व डच ईस्ट इंडीजमधून (आजचा इंडोनेशिया). दोन्ही प्रदेश त्याच वर्षाच्या सुरुवातीला जपानच्या हाती गेले आणि पिळून संपलेल्या ट्यूबेलाही मोल आले.

आज आपल्या कपाटात जुन्या एक्स-रे फिल्म असतात, तुटके चष्मे असतात, कुणाची तरी कवळी असते. रद्दीत घालता येत नाहीत, टाकायला मन होत नाही. अशा वस्तूंना आपण ‘विचित्र कचरा’ समजतो. मला मात्र वाटते की वस्तू विचित्र नसते, तिची वाट पाहणारे कुणी पलीकडे उरलेले नसते. इतिहास चाळला की हे फार स्पष्ट दिसते.

इसवी सन १०५ मध्ये चीनच्या दरबारात त्साय लुनने जो कागद सादर केला, त्याच्या लगद्यात झाडाची साल होती, चिंध्या होत्या आणि मासेमारीची जुनी जाळीही होती. कागदाची ही प्रसिद्ध कहाणी टाकाऊ वस्तूंपासूनच सुरू होते. पुढे युरोपात तर कित्येक शतके कागद म्हणजे सुती-तागी चिंध्याच. त्या गोळा करणे हा पोटापाण्याचा धंदा होता. चिंध्या पुरेनात म्हणून मॅथियस कूप्सने १८०० साली लंडनमध्ये छापील कागदावरची शाई काढून त्याचा पुन्हा कागद करण्याचे पेटंट घेतले. १८४४ च्या सुमारास जर्मनीत फ्रीडरिख केलरने लाकूड घासून लगदा केला आणि पुढच्या काही दशकांत चिंध्यांची गरज ओसरली. चिंधी तीच होती, फक्त तिची मागणी गेली.

लोकरीचेही तसेच. यॉर्कशायरमधल्या बॅटली गावात १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉने जुने लोकरी कपडे पिंजून, त्यात नवी लोकर मिसळून कापड विणायला सुरुवात केली. त्याला ‘शॉडी’ म्हणत. इंग्रजीत हा शब्द पुढे हलक्या मालासाठी रूढ झाला, हे त्या कारागिरीवर अन्यायकारकच आहे.

दुसऱ्या महायुद्धात घरातले काहीच टाकाऊ उरले नाही. ब्रिटनमध्ये जुलै १९४० मध्ये विमानांसाठी ॲल्युमिनियमची भांडी मागवली गेली. अमेरिकेत स्वयंपाकातली उरलेली चरबी खाटकाकडे जमा होई, कारण तिच्यातल्या ग्लिसरीनपासून स्फोटके बनत. रेशमी आणि नायलॉनचे फाटके पायमोजेही गोळा केले गेले. तोफेच्या दारूच्या पिशव्या रेशमाच्या करत, कारण रेशीम पूर्ण जळते आणि नळीत धुमसता अवशेष ठेवत नाही.

युद्ध संपल्यावर हा धागा तुटला. माल मुबलक झाला हे एक कारण, पण त्याहून मोठे कारण वस्तूंच्या घडणीत आहे. एकाच धातूची ट्यूब वितळवता येते. प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे पापुद्रे एकमेकांना चिकटवून केलेली ट्यूब सुटी करणे महाकठीण. बूट, गाद्या, खेळणी, सगळीकडे हीच गुंतागुंत शिरली.

वाट पुन्हा सापडली ती तुकड्या-तुकड्यांनी. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन वाल्डीझ जहाजातून तेल सांडले. अलाबामातले केशकर्तनकार फिल मॅक्रॉरी यांनी टीव्हीवर तेलाने माखलेला पाणमांजर पाहिला आणि त्यांच्या मनात आले, फर तेल धरते तर माणसाचे केस का नाही? कापलेले केस पायमोज्यात भरून त्यांनी ते तेलमिश्रित पाण्यात बुडवले. तेल केसांना चिकटले. आज अशा केसांच्या चटया तेलगळतीवर वापरल्या जातात. जुन्या पद्धतीच्या एक्स-रे फिल्मवरचा काळा भाग म्हणजे चांदीचे सूक्ष्म कण. ती चांदी रसायनांनी वेगळी काढता येते. कवळी दातांना अडकवणाऱ्या धातूच्या आकड्यांतही मौल्यवान धातू असतात. जपानमध्ये २००६ पासून जुन्या कवळ्या गोळा करून आलेला पैसा मुलांच्या मदतीसाठी दिला जातो.

स्वीडनच्या थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये वेगळाच मुद्दा मांडला: वस्तू निकामी झाल्यावर तिची जबाबदारी बनवणाऱ्यावरही असावी. युरोपीय संघाचा विद्युत-उपकरणांच्या कचऱ्याचा कायदा याच विचारावर उभा आहे. टोकियो ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकची मिळून सुमारे ५,००० पदके तर लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतूनच घडली. त्यांत सुमारे ६२ लाख मोबाइल होते आणि निघालेले सोने सुमारे ३२ किलो.

ट्यूबेचे काय झाले? २०१९ मध्ये कोलगेटने पापुद्र्यांऐवजी एकाच प्रकारच्या प्लॅस्टिकची, दुधाच्या प्लॅस्टिक बाटल्यांसोबत वितळवता येईल अशी ट्यूब आणली आणि ते तंत्र इतर कंपन्यांनाही खुले केले. ती प्रत्यक्षात किती पुनर्प्रक्रिया केंद्रे स्वीकारतात, हा पुढचा झगडा आहे, कारण छोट्या आणि हलक्या वस्तू वर्गीकरणाच्या यंत्रातून सहज निसटतात.