विद्यापीठीय पाव तास

विद्यापीठीय पाव तास : विद्यापीठातील व्याख्यान वेळापत्रकात दिलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांनी सुरू करण्याची युरोपीय प्रथा. ती प्रामुख्याने जर्मन भाषक देशांत आणि स्वीडन, फिनलंड यांसारख्या उत्तरेकडील देशांत आढळते. जर्मनीत वेळेपुढे ‘कुम टेम्पोरे’ (वेळेसह) या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे लिहितात आणि बोलताना ‘त्से टे’ म्हणतात. ‘दहा त्से टे’ म्हणजे आपल्या भाषेत सरळ सव्वादहा. ‘सिने टेम्पोरे’ (वेळेविना), अर्थात ‘एस टे’ लिहिले असेल, तर दहा म्हणजे दहाच.

नवख्याला ही ढिलाई वाटते. तशी ती नाही. 10 वाजून 14 मिनिटांनी आलेला विद्यार्थी वेळेवर असतो. 10 वाजून 16 मिनिटांनी दार ढकलणाऱ्याकडे मात्र सगळ्या माना वळतात. उशीर इथे खपवून घेतलेला नाही, तो आधीच हिशेबात धरलेला आहे. ‘इंडियन स्ट्रेचेबल टाइम’ म्हणून आपण ज्याची थट्टा करतो, त्याच्याशी याची गल्लत करू नये: तिथे किती ताणायचे हे कोणालाच ठाऊक नसते.

दहा ते बाराचे व्याख्यान प्रत्यक्षात 10:15 ते 11:45 चालते. दीड तासाच्या या बैठकीची नोंद दोन ‘तास’ अशीच होते, कारण अध्यापनाचा तास 45 मिनिटांचा धरतात. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. पस्तीस-चाळीस मिनिटांत आटोपणारा ‘गणिताचा तास’ आपणही तासच म्हणत आलो.

प्रथेचा उगम घड्याळ दुर्मीळ असण्याच्या काळात सांगितला जातो. मनगटावर सोडाच, खिशातही घड्याळ नसे. चर्चच्या मनोऱ्यावर टोल पडले की वेळ कळे. टोल ऐकून निघायचे आणि पाव तासात वर्गात पोचायचे. पुढे घड्याळे आली, पण दोन व्याख्यानांमध्ये एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जायला वेळ हवाच होता, म्हणून पाव तास टिकला.

स्वीडनमध्ये खूण लॅटिन अक्षरांची नव्हे, शून्यांची असते. नुसते ‘10’ लिहिले तर सव्वादहा, ‘10.00’ लिहिले तर ठोक्याला दहा. उप्साला येथे संध्याकाळी सहानंतर ‘दुहेरी पाव तास’ चालतो, म्हणजे सातचा कार्यक्रम साडेसातला. पोलंडने हाच पाव तास उलटा फिरवला आहे: प्राध्यापक पंधरा मिनिटांत आले नाहीत, तर विद्यार्थ्यांनी उठून जावे, असा संकेत. हा कायदा नव्हे, पण विद्यार्थ्यांना तो तोंडपाठ असतो.

अमेरिकेत बर्कले येथे दहा मिनिटांची सूट आहे. मिशिगन विद्यापीठाने अशीच प्रथा 2018 मध्ये बदलली; आता तास वेळेवर सुरू होऊन दहा मिनिटे आधी संपतात. ऑक्सफर्डची पाच मिनिटे वेगळ्या कुळातली. हे शहर ग्रिनिचच्या पश्चिमेला असल्याने त्याची स्थानिक वेळ पाच मिनिटे मागे. रेल्वेच्या काळात देशभर एकच वेळ झाली, तरी क्राइस्ट चर्च महाविद्यालयाची ‘ग्रेट टॉम’ घंटा रात्री 9:05 ला, जुन्या वेळेच्या नऊला, अजूनही 101 टोल देते. (भारतीय प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे चालणारी ‘बॉम्बे टाइम’ 1955 पर्यंत जपणाऱ्या मुंबईला हा हट्ट समजण्यासारखा आहे.)

आता बऱ्याच वेळापत्रकांत थेट 10:15 छापतात. 2022–23 पासून जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांची संख्या सर्वाधिक आहे. नव्याने गेलेल्यांची फजिती बहुधा दोन टप्प्यांत होते: आधी दहाला पाच कमी असताना रिकाम्या सभागृहात जाऊन बसणे, आणि मग पाव तास अंगवळणी पडल्यावर प्राध्यापकांच्या भेटीलाही सव्वादहाला पोचणे. भेट ‘एस टे’ असते.