बर्फातला चकवा

डिसेंबर लागला की मुंबईतल्या ट्रेकर मंडळींचे केदारकांठा, ब्रह्मताल या उत्तराखंडातल्या बर्फाच्या ट्रेकचे बेत सुरू होतात. रजा टाकल्या जातात, कोणाचे तरी जाड हातमोजे मागून आणले जातात. आणि त्यात एखादा तरी हमखास निघतोच, जो म्हणतो, "ग्रुप-बिप नको, मी एकटाच जाणार. ऐन पावसाळ्यात टोलार खिंडीतून हरिश्चंद्रगड एकट्याने केलाय. धुक्याचं काय एवढं?"

धुक्याचं नाहीच मुळी काही. प्रश्न खालच्या जमिनीचा आहे.

धुकं म्हणजे जमिनीला टेकलेला ढग. त्यातले पाण्याचे थेंब साधारण 10 ते 20 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे. एवढे मोठे थेंब सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून धुकं पांढरं दिसतं. काळा खडक जसजसा दूर जातो तसतसा हा विखुरलेला पांढरा प्रकाश त्याच्यावर चढत जातो, आणि खडक आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक घातांकी वेगाने घटतो. जर्मन हवामानशास्त्रज्ञ कोश्मीडर यांनी 1924 साली याचं गणित मांडलं. फरक सुमारे 2 टक्क्यांवर आला की डोळा हात टेकतो, आणि तेवढ्या अंतराला आपण दृश्यमानता म्हणतो. दृश्यमानता 50 मीटर असेल तर 25 मीटरवरच्या काळ्या कातळाचा फरक अजून 14 टक्के उरलेला असतो. तो बऱ्यापैकी दिसतो.

आता इथे मेख आहे. हे सगळं काळ्या वस्तूसाठी. सह्याद्रीत पायाखाली काळा बेसॉल्ट, कारवीची झुडपं, चिखलात उमटलेले बुटांचे ठसे असतात. बर्फात उताराचा रंगही पांढरा आणि ढगाचाही पांढरा. मुळातच फरक शून्य, मग घटायला उरलं काय? त्यात ताजा बर्फ पडलेल्या प्रकाशाचा 80 ते 90 टक्के भाग परत फेकतो. तो ढगात जातो, पुन्हा खाली येतो, पुन्हा वर जातो. प्रकाश सगळ्या बाजूंनी सारखा आला की सावली पडत नाही. सावली नाही म्हणजे चढ नाही, उतार नाही, कड्याची धार नाही. पुढचं पाऊल फूटभर खाली पडणार की शंभर फूट, हे डोळ्यांना कळतच नाही. याला व्हाइटआउट म्हणतात. हवामान खात्याच्या भाषेत दृश्यमानता तीच 50 मीटर असेल, पण पुढचा उतार तुम्हाला पाच मीटरवरूनही दिसणार नाही.

पण मला खरं बोलायचंय ते या पांढऱ्या शून्यात माणूस चालायला लागल्यावर जे होतं त्याबद्दल. तो गोल फिरतो. आपल्याकडे याला चकवा लागणं म्हणतात, आणि कोकणात तर चकव्याच्या गोष्टी घरोघरी आहेत. वर शिकलेल्या माणसांचा एक वेगळा चकवा आहे: म्हणे प्रत्येकाचा एक पाय थोडा आखूड असतो, म्हणून माणूस एका बाजूला वळत जातो. ऐकायला शास्त्रीय वाटतं, एवढंच.

2009 मध्ये 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात यान सौमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न सरळ माणसं चालवून सोडवला. जर्मनीतल्या बीनवाल्ड जंगलात आणि ट्युनिशियातल्या सहारा वाळवंटात लोकांना सांगितलं, नाकासमोर चालत राहा. सूर्य दिसत होता तोवर ते बऱ्यापैकी सरळ गेले. आभाळ भरून आलेल्या दिवशी जंगलातले लोक वर्तुळात फिरले आणि आपल्याच वाटेला छेद देऊन गेले, तेही नकळत. वाळवंटात रात्री चालणारा एक जण चंद्र ढगाआड जाईपर्यंत सरळ होता, नंतर वळत वळत आल्या दिशेलाच परतला. डोळे बांधून चालणारे तर कधी कधी 20 मीटरपेक्षाही लहान व्यासाची वर्तुळं घालत होते. आणि पायाच्या लांबीचं? एकच माणूस कधी डावीकडे वळत होता, कधी उजवीकडे. पाय काही मधेच आखूड-लांब होत नाही.

मग होतं काय? कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की नलिका वळते, द्रव क्षणभर मागे राहतो आणि त्यातून मेंदूला वळण्याची खबर मिळते. पण एकसारख्या वेगाने वळत राहिलात तर काही सेकंदांत द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो आणि खबर बंद. म्हणजे कान सांगतो ते वळण्यातला बदल, वळण नव्हे. बाकीचा हिशेब स्नायू आणि सांध्यांकडून येणाऱ्या संदेशांचा, आणि त्या प्रत्येकात थोडी थोडी गडबड असते.

आता जरा गणित, सांभाळून घ्या. दर पावलाला दिशेत एक अंशाची यादृच्छिक चूक होत असेल, कधी डावी कधी उजवी, तर 100 पावलांनंतर दिशा साधारण 10 अंशांनी भरकटेल, कारण अशा चुका पावलांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतात. एवढ्याने वाट नागमोडी होईल, वर्तुळ होणार नाही. वर्तुळासाठी चूक एक पायरी वर व्हावी लागते, 'सरळ म्हणजे काय' या मेंदूतल्या खुणेतच. भाजीवाल्याच्या तराजूचा शून्यच सरकला की प्रत्येक माप त्याच बाजूला चुकतं, तसं. सगळ्या गडबडी साचून ही खूण हळूहळू सरकत जाते, आणि सरकलेल्या जागी काही काळ राहिली की तितका वेळ माणूस वळतच राहतो, पक्क्या समजुतीने की आपण सरळ चाललोय. 20 मीटर व्यासाच्या वर्तुळाचा परीघ 63 मीटर. 70 सेंटिमीटरचं पाऊल धरलं तर 90 पावलं. म्हणजे पावलामागे फक्त 4 अंश! हात लांब करून दोन बोटं धरा, जवळपास तेवढंच.

एरवी एखादं झाड, सूर्य, दूरचा सुळका ही खूण पुन्हा जागेवर आणतात. म्हणूनच जुनी माणसं सांगतात ते खरं आहे की चकवा लागला तर बसून राहावं, उजाडलं की वाट सापडते. भूत पळतं म्हणून नव्हे, सूर्य उगवतो म्हणून. फक्त हा उपाय उणे तापमानात, वाऱ्यात करायचा नसतो. तिथे उजाडायच्या आत अंगातली ऊब संपते.

स्कॉटलंडमधला बेन नेव्हिस घ्या. उंची 1345 मीटर, आपलं कळसूबाई 1646. आकड्यांवर जाऊ नका. हिवाळ्यात ढगात अडकलेल्या या माथ्यावरून उतरायची ठरलेली रीत अशी: शिखरावरच्या सर्व्हेच्या खांबापासून नकाशातल्या उत्तरेपासून 231 अंशांच्या दिशेने 150 मीटर, मग 282 अंशांवर वळा. डावी-उजवीकडे गार्डीलू आणि फाइव्ह फिंगर या घळी तोंड उघडून आहेत. 150 मीटरवर 10 अंशांची चूक म्हणजे 26 मीटर बाजूला. होकायंत्र न बघता गेलात आणि ते लहान वर्तुळ लागलं, तर तेवढ्यात दोन फेऱ्या पूर्ण होतील.

(याच डोंगरावर पूर्वी हवामान वेधशाळा होती. 1894 मध्ये तिथे काही दिवस राहिलेल्या भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी ढगावर पडलेल्या सावलीभोवतीची रंगीत वलयं पाहिली, म्हणजे कोकणकड्यावरचं आपलं इंद्रवज्रच. त्या नादातून पुढे मेघकक्ष (भारित कणांचे माग दाखवणारं उपकरण) तयार झाला आणि 1927 चं नोबेल मिळालं. धुक्याचे उपकारही आहेत.)

दोघं असतील तर एक जण पुढे जातो, मागचा होकायंत्रातून त्याच्यावर नेम धरून "जरा डावीकडे" ओरडतो. पुढचा माणूस हीच त्या पांढऱ्यातली एकमेव काळी वस्तू. एकट्याला ती सोय नाही. मग बर्फाचा गोळा करून समोर फेकायचा. तो पडून थांबला तर तिथे जमीन आहे, आणि नेमकी तीच पुढची खूण. दिसेनासा झाला तर पुढे कडा असू शकतो, किंवा कड्याबाहेर पुढे आलेला बर्फाचा छज्जा. हा छज्जा वाटतो त्यापेक्षा बराच मागून तुटतो, त्यामुळे गोळा नाहीसा झाला की दोन पावलं नाही, चांगलं लांब मागे यायचं. गोळा, पावलं मोजणं, होकायंत्र, पुन्हा गोळा. तासाला किती अंतर कापलं हे कोणाला सांगू नये असा वेग.

"पण फोनमध्ये जीपीएस आहे ना?" आहे. तो तुम्ही कुठे आहात ते सांगतो. एका जागी उभे असताना तोंड कुठे आहे हे मात्र उपग्रहावरून कळत नाही, त्यासाठी फोन आतला चुंबकीय संवेदक वापरतो, आणि कव्हरच्या झाकणातलं चुंबक त्याला खुशाल फसवतं. थंडीत लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध वाढून 40 टक्के दाखवणारा फोन पटकन मान टाकतो. म्हणून फोन आतल्या कपड्यांच्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवायचा. आणि होकायंत्र छातीशी धरून चालत असाल तर त्याच बाजूच्या खिशात नको, कारण स्पीकरमधलं चुंबक सुई ओढतं आणि ही चूक यादृच्छिक नसते, प्रत्येक पावलाला एकाच बाजूची असते.