नवा लिनक्स कर्नल चुकला म्हणजे पीसी गेला?

पुण्याच्या तपकीर गल्लीतून जुना पीसी घेणारी मुलं हमखास विचारतात, "लिनक्सचा कर्नल स्वतः कंपाइल करून, म्हणजे सोर्स कोडपासून बनवून, टाकला आणि चुकला, तर डेटा जातो ना?" भीती साहजिक आहे, पण तसं होत नाही. कर्नल म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, पण डिस्कवर ती बूट फोल्डरमधली काही एमबींची फाइल. तिची मॉड्यूल्स, म्हणजे ड्रायव्हरसारखे जोडभाग, आवृत्तीच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरात जातात. तुमच्या फाइल्स असतात त्या होम फोल्डरला हातही लागत नाही. मात्र कंपाइल करण्याआधी कर्नलच्या कॉन्फिगरेशनमधल्या 'लोकल व्हर्जन'मध्ये स्वतःचं नाव जरूर द्या. आवृत्तीचं नाव तेच राहिलं तर जुनी मॉड्यूल्स पुसली जातात. नाव वेगळं असेल तर जुना कर्नल शेजारीच राहतो. आधी आणि नंतर बूट फोल्डर उघडून पाहा, दिसेलच. नवा सुरू झाला नाही, तर पीसी सुरू होताना येणाऱ्या ग्रब या बूट मेन्यूच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना निवडा. कोणता चालू आहे ते टर्मिनलमधली 'यूनेम -आर' (uname -r) ही कमांड सांगते.