हाय-फाय पारखताना गायिकेचाच आवाज का: पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्याकडून कोणी चांगली स्टिरिओ सिस्टीम घ्यायला पुण्या-मुंबईच्या शोरूममध्ये जाऊन बसलं, की पहिलं गाणं लागतं ते बहुधा एखाद्या जॅझ गायिकेचं. मागे डबल बास, पियानो, ब्रशने हळुवार चाललेले ड्रम, आणि बाई जणू हाताच्या अंतरावर बसून गातायत. अर्ध्या तासात मन भरतं, पैसे दिले जातात. घरी शहाबादी फरशीच्या खोलीत तोच संच लावला की तोच आवाज दाताखाली खडा यावा तसा टोचतो. दर वेळी दोष संचाचा नसतो. शोरूममधल्या त्या गाण्याने मुळात काही तपासलेलंच नसतं. गायिकेचा आवाज हे माप कसं ठरलं ते कळलं, की गाणी निवडणं सोपं जातं.

गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१५ पासून एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत ‘टोन टेस्ट’ नावाचे जाहीर कार्यक्रम केले. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. गाता गाता गायिका थांबायची, यंत्र गाणं पुढे चालू ठेवायचं, आणि खरा आवाज कुठे संपला ते श्रोत्यांनी ओळखायचं. ॲना केस ही सोप्रानो गायिका या कार्यक्रमांतून गाजली. पुढे म्हातारपणी तिनेच सांगितलं, की यंत्राच्या आवाजाशी जुळावा म्हणून ती आपला आवाज मुद्दाम तसा लावत असे. या सगळ्या इतिहासाची किल्ली इथेच आहे. आवाज यंत्राला जुळवून घेतलेला असेल, तर त्या आवाजाने यंत्राची परीक्षा होत नाही.

तेव्हाच्या यंत्राची ताकदही तुटपुंजी होती. गाणारा भोंग्यात तोंड घालून जोर लावून गायचा, त्या हवेच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ कोरायची. साधारण २५० ते २५०० हर्ट्झ (सेकंदाला होणारी कंपनं) एवढंच त्यात उतरायचं. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जानचं गाणं असंच भोंग्यातून घेतलं गेलं. त्या तबकड्यांवर आवाज पोचतो, पण श्वास पोचत नाही. ‘स’ आणि ‘श’ तर जवळजवळ नाहीतच.

१९२५ मध्ये व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनी मायक्रोफोनने, विजेवर ध्वनिमुद्रण सुरू केलं. वरची मर्यादा ५००० हर्ट्झच्या आसपास गेली. त्याहून मोठा बदल म्हणजे ओरडायची गरज संपली. कुजबुजल्यासारखं गाऊनही मागच्या बँडच्या वर ऐकू जाणं शक्य झालं. बिली हॉलिडेचं पहिलं मुद्रण १९३३ चं. तिचा आवाज लहान, पल्लाही मोठा नाही. भोंग्याच्या काळात तिला कोणी उभं केलं असतं की नाही शंकाच आहे. जॅझ गायिकेची जी जवळीक आज शोरूममध्ये विकली जाते, ती मायक्रोफोनने जन्माला घातली.

मायक्रोफोनचा एक गुणधर्म इथे समजून घ्यायला हवा. एका दिशेचा आवाज घेणाऱ्या किंवा रिबन प्रकारच्या मायक्रोफोनच्या जवळ, म्हणजे वीतभर अंतरावर तोंड नेलं, की खालचे स्वर फुगतात. साधारण २०० हर्ट्झच्या खाली हा फुगवटा जाणवतो. आवाजाला ऊब येते, छातीतून आल्यासारखा वाटतो. हे मुद्रणातच असतं, स्पीकरने दिलेलं नसतं. ‘या स्पीकरवर आवाज काय भरदार लागतो’ असं म्हणण्याआधी तेच गाणं माहितीच्या हेडफोनवर ऐकावं. ऊब तिथेही असेल, तर तिचं श्रेय स्पीकरला देऊ नये.

१९४८ मध्ये कोलंबियाने मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची एलपी तबकडी आणली, त्याच सुमारास स्टुडिओत टेपयंत्रं आली, आणि १९४९ मध्ये न्यूमन यू ४७ हा कंडेन्सर मायक्रोफोन. टेपने खरखर कमी केली, एलपीने वेळ दिला, नव्या मायक्रोफोनने ओठांची उघडझाप टिपली. या तिन्हींच्या जोरावर १९५५ ते १९६१ ही सहा-सात वर्षं गायिकांच्या मुद्रणाची सुगी ठरली. १९५५ मध्ये ज्युली लंडनचा पहिला अल्बम ‘ज्युली इज हर नेम’ आला. साथीला दोनच वादक: गिटारवर बार्नी केसेल, बासवर रे लेदरवुड. लपायला जागाच नाही. हे मुद्रण मोनो आहे आणि म्हणूनच आजही कामाचं आहे. मोनो आवाज दोन्ही स्पीकरांतून सारखाच निघतो, तेव्हा तो बरोबर मधोमध, टाचणी टोचावी तसा उभा राहायला हवा. ‘क्राय मी अ रिव्हर’ लावा आणि डोळे मिटून बोट दाखवा. बोट डावीकडे गेलं तर डावी भिंत जवळ आहे, किंवा बॅलन्स सरकलाय, किंवा दोन ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारे छोटे भाग) सारखे नाहीत. आवाज मधोमध न राहता रुंद पसरला, तर स्पीकरांची एक जोडणी उलटी असण्याचीच शक्यता जास्त. तांबड्या-काळ्या तारा आधी बघाव्यात, मग बाकीचं.

याच तपासणीत पुष्कळांची फसगत होते. दोन स्पीकरांतून मध्ये दिसणारा आवाज एकाच स्पीकरवरच्या आवाजापेक्षा किंचित मंद लागतो. कारण प्रत्येक कानाला दूरचा स्पीकर सेकंदाच्या चार हजाराव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो, आणि २००० हर्ट्झच्या आसपास त्या दोन लहरी एकमेकींना खातात. हा स्टिरिओ पद्धतीचाच गुण आहे. त्यापायी ॲम्प्लिफायर बदलायला धावू नये.

एला फिट्झजेराल्डची व्हर्व्ह कंपनीची मुद्रणं याच सुगीतली. लुई आर्मस्ट्राँगबरोबरचा १९५६ चा अल्बम आणि १९६१ चा ‘क्लॅप हँड्स, हिअर कम्स चार्ली’ हे दोन पारखायला फार उपयोगी. पहिल्यात एक घोगरा पुरुषी आवाज आणि एक स्वच्छ बायकी आवाज आलटून पालटून येतात. संच खरा असेल तर दोघांत फरक दिवस-रात्रीचा पडतो. मधल्या पट्टीत रंग मिसळणारा संच दोघांनाही एकाच नाकातून गायला लावतो. दुसऱ्यात एला जोर लावते. हळू गाणाऱ्या गायिकेवर गोड लागणारा छोटा ॲम्प्लिफायर इथे कर्कश होतो. क्षमता संपली की लहरींचे माथे कापले जातात, आणि कापलेल्या माथ्यांतून नको ते उपस्वर (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर) तयार होतात.

मग बायकांचाच आवाज का? मध्यम पट्टीच्या गायिकेचा मूळ स्वर साधारण १७५ ते ७०० हर्ट्झमध्ये फिरतो, त्याचे उपस्वर ४००० च्या पुढे जातात, ‘स’ची सळसळ ५००० ते ८००० आणि त्याही वर. माणसाचा कान २००० ते ५००० हर्ट्झमध्ये सर्वांत जागा असतो. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी हे मोजून दाखवलं. आणि दोन-मार्गी स्पीकरमध्ये खालचे स्वर वाजवणाऱ्या वूफरने काम सोडून ट्वीटरने ते उचलायची जागा बहुतेक वेळा २००० ते ३००० हर्ट्झ. म्हणजे कान जिथे सर्वांत तीक्ष्ण, तिथेच स्पीकरचा सांधा, आणि गायिकेचा आवाज त्याच सांध्यावरून ये-जा करतो. सांधा चुकला की एकाच ओळीत बाई दोन ठिकाणांहून गाते: अक्षरं वरून, स्वर खालून. शिवाय आई, बहीण, शेजारीण यांचे आवाज आपण जन्मापासून ऐकतो. व्हायोलिन खोटं वाजलं तर जळगावात दहातल्या एकाला कळेल. बाईचा आवाज खोटा लागला तर दहाच्या दहा जणांना कळेल.

तरीही पहिली काही दशकं पारखण्याचा मान ऑर्केस्ट्राकडेच होता. जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ मध्ये ‘स्टिरिओफाइल’ आणि हॅरी पिअर्सन यांनी १९७३ मध्ये ‘ॲब्सोल्यूट साउंड’ ही नियतकालिकं काढली, तेव्हा सभागृहातलं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत हेच प्रमाण मानलं जाई. घरातली खोली मात्र सभागृह नसते. शंभर वादक दहा बाय बाराच्या खोलीत मावत नाहीत. बाई, बास आणि पियानो मावतात. शेफील्ड लॅबने १९७५ मध्ये थेल्मा ह्यूस्टनचं मुद्रण टेप टाळून थेट तबकडीवर कोरलं. एक सूर चुकला तर अख्खी बाजू पुन्हा. मग १९८२ मध्ये सीडी आली आणि शांत पार्श्वभूमीवर श्वास ऐकवणं सोपं झालं. १९९४ मध्ये चेस्की कंपनीने रिबेका पिजनचा ‘द रेव्हन’ काढला, त्याच वर्षी पॅट्रिशिया बार्बरचा ‘कॅफे ब्लू’ आला, जिम अँडरसन यांनी मुद्रित केलेला. २००१ चा डायना क्रॉलचा ‘द लुक ऑफ लव्ह’ तर जगभरच्या शोरूममध्ये पोचला.

ही मुद्रणं उत्तम आहेत, यात वाद नाही. अडचण वेगळीच. संथ लय, खालची पट्टी, जवळचा मायक्रोफोन, तीन-चार वाद्यं: या बेताचं गाणं जवळजवळ प्रत्येक संचावर छान लागतं. पुढे तर अशा पारखीसाठीच म्हणून मुद्रणं निघू लागली. ॲना केसने यंत्रासाठी आवाज बदलला, आता मुद्रणच यंत्राच्या सोयीचं होऊ लागलं. म्हणून यादीत निम्मी गाणी तरी अवघड हवीत.

या बाबतीत संशोधकांचा अनुभव बोलका आहे. १९९० च्या दशकात शॉन ऑलिव्ह यांनी कोणत्या आवाजावर श्रोत्यांना स्पीकरमधले फरक नेमके ओळखता येतात ते तपासलं. पिंक नॉइझ (सगळ्या पट्ट्या एकत्र असलेली धबधब्यासारखी सळसळ) आणि ट्रेसी चॅपमनचं ‘फास्ट कार’ सर्वांत उपयोगी ठरले. गाणं जॅझ नाही, शोरूमचं लाडकंही नाही. पण आवाज आणि वाद्यं मिळून वरपासून खालपर्यंत सगळी पट्टी भरलेली आहे. त्याआधी एमपी३ ही आवाजाची फाइल लहान करणारी पद्धत घडवताना कार्लहाइन्झ ब्रँडेनबुर्ग यांना सुझॅन व्हेगाच्या साथीशिवायच्या ‘टॉम्स डायनर’ने असंच अडवलं होतं. बाकी संगीतावर चालणारी पद्धत त्या एकट्या आवाजावर उघडी पडली. साथ नसली की चूक झाकायला काही उरत नाही.

‘द रेव्हन’मधलं ‘स्पॅनिश हार्लेम’ मात्र खान्देशातल्या घरांसाठी आवर्जून घ्यावं, तेही आवाजापेक्षा सुरुवातीच्या बाससाठी. सुरांची चढण ४९, ६२, ७३ हर्ट्झ अशी, पुढे ६५, ८२, ९८ आणि ७३, ९३, ११०. वादकाने हे सूर साधारण सारख्याच जोराने वाजवलेत. आता दहा बाय बारा फुटांची, स्लॅबची, चारी बाजूंनी विटांची खोली घ्या. बारा फुटांच्या लांबीत चाळीस अंश तापमानाला हवेची पहिली घुमणारी लहर येते सुमारे ४८.५ हर्ट्झची. म्हणजे पहिलाच सूर नेमका घुमणार आणि पुढचे बारीक लागणार. हा खोलीचा दोष आहे. पाठ मागच्या भिंतीला टेकलेली असेल तर घुमणं सर्वांत जास्त. खुर्ची दोन-तीन फूट पुढे ओढली की तोच सूर जागेवर येतो. त्यानंतरच गायिकेकडे वळावं, कारण घुमणारा बास तिच्या खालच्या स्वरांवर मळभ आणतो.

‘स’ टोचण्याचं कारणही अनेकदा भिंतीत असतं. आपण बसायच्या जागी बसावं आणि दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. आरशात ट्वीटर दिसेल ती जागा महत्त्वाची, तिथूनच आवाज उसळून कानाकडे येतो. तिथे गोधडी टांगण्याची चूक बरेच जण करतात. पातळ गोधडी फक्त वरची सळसळ खाते, मधली पट्टी तशीच उसळत राहते. मग आवाज मंद आणि तरीही कर्कश असा विचित्र लागतो. कापसाचा मुलूख आपला, घरात चार इंच जाडीची कापसाची गादी असतेच. ती त्या जागी उभी करावी, मागे तीन-चार इंच जागा सोडून. मधल्या पट्टीचा उसळणारा आवाजही ती बराच शोषते. एलपीवर फक्त बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ फाटत असेल, तर भिंत सोडून कार्ट्रिजचं, म्हणजे सुई धरणाऱ्या भागाचं अलाइनमेंट बघावं. आतल्या खोबणीत सुईची कसोटी सर्वांत कडक लागते.

शोरूमला जाताना गाणी स्वतःची न्यावीत, पेनड्राइव्हवर, एफएलएसी (FLAC) या आवाज न छाटणाऱ्या स्वरूपात. त्याच अल्बमच्या निरनिराळ्या रीमास्टर (आवाज नव्याने घोटून काढलेल्या) आवृत्त्या असतात आणि त्यांतला फरक दोन ॲम्प्लिफायरमधल्या फरकापेक्षा सहज मोठा निघतो, तेव्हा आवृत्ती एकच धरावी. दोन संचांची तुलना करताना आवाजाची पातळी जुळलीच पाहिजे, कारण अर्ध्या डेसिबलने मोठा संच ‘जास्त स्पष्ट’ वाटतो. स्पीकर तेच ठेवून ॲम्प्लिफायर बदलत असाल, तर १००० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजावेत. दोन आकड्यांत टक्क्याहून जास्त फरक नसावा. स्पीकर बदलत असाल तर पिंक नॉइझ आणि मोबाइलवरचं ध्वनिमापक ॲप पुरतं, फोन दोन्ही वेळा कानाच्याच जागी धरून.

घरी ऐकायची वेळही पाहून ठेवावी. एप्रिल-मे मध्ये कूलर चालू असताना गाण्याच्या शेवटी विरत जाणारा प्रतिध्वनी आणि गायिकेचा श्वास त्या घोंघाटात बुडतात. आवाज वाढवून तो भरून काढायला गेलं की ‘स’ टोचतो आणि ट्वीटरला बोल लागतो. पहाटे पाचला कूलर बंद करून, पंखाही बंद करून, वीस मिनिटं एलाचं ते १९६१ चं मुद्रण ऐकावं, आवाज घरात बोलण्याइतकाच ठेवून.