मुक्त कार्यप्रणाली : घरगुती वापर

परवान्याचे पैसे न लागणारी आणि सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) सर्वांना खुला असलेली संगणक कार्यप्रणाली. रिचर्ड स्टॉलमन यांचा ग्नू प्रकल्प (१९८३) आणि लिनस टोरव्हाल्ड्स यांचा लिनक्स कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा (१९९१), ही तिची मुळे. घरांत लिनक्सचे डेबियन, उबुंटू (२००४) व लिनक्स मिंट (२००६) हे प्रकार चालतात; विंडोजवर हात बसलेल्याला मिंट सर्वांत सोपे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट मशीनही बाद ठरते. त्यावर ४ जीबी रॅममध्ये मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चालते. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तर फरक लगेच जाणवतो.

मिंटची आयएसओ (इन्स्टॉलेशनची) फाइल ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफस या प्रोग्रामने चढवावी. नुसती कॉपी केली तर बूट होत नाही. आधी इन्स्टॉल न करता लाइव्ह, म्हणजे थेट पेनड्राइव्हवरून, चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर तपासावा. वायफाय दिसत नसेल (ब्रॉडकॉम चिपवर हे नेहमीचे), तर मोबाइल केबलने जोडून टेदरिंग करावे (मोबाइलचे इंटरनेट कॉम्प्युटरला द्यावे) आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्यावा. विंडोज शेजारी ठेवायचे असेल तर त्याचे फास्ट स्टार्टअप बंद करावे. नाहीतर शटडाउननंतरही ते अर्धवट झोपलेले राहते आणि लिनक्स त्या ड्राइव्हवर लिहीत नाही.

कोल्हापुरात गाडे अडते ते दोन ठिकाणी. उद्यमनगर, शिरोली एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर ऑटोकॅडची ड्रॉइंग असतात. ऑटोकॅड लिनक्ससाठी निघत नाही. लिनक्सवरच्या लिब्रेकॅड या ड्रॉइंगच्या प्रोग्रामला डीएक्सएफ फाइल चालते, ऑटोकॅडच्या नेहमीच्या डीडब्ल्यूजी फाइलचा भरवसा नाही. पार्टी रोज डीडब्ल्यूजीच पाठवत असेल तर विंडोज काढू नये. दुसरी अडचण जुन्या मराठी फाइलींची. तालमीच्या वर्गणीची यादी कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर फॉन्टअभावी ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ई, जे, के, बी, एच ही रोमन अक्षरे दिसतात. डिस्क पुसण्याआधी विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरातून ती फॉन्ट फाइल काढून ठेवावी. लिनक्समध्ये टाकली की यादी पूर्ववत वाचता येते. नवे टायपिंग मात्र युनिकोडमध्येच करावे: कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही लेआउट मिळतात.